सुकाणू हातात घेण्याआधी थोडं बोलू

अगं छोटी, परवा मावशीचा, म्हणजे तुझ्या आईचा, फोन झाला. तुझं नाव शिडाच्या होड्यांच्या शिबिरात घालायचं की तेच पैसे नववीच्या क्लासला भरायचे, असा तिचा सरळ सवाल होता. "पाण्यात उनाडून पोरीला काय मिळणार ते तू सांग, तू त्यातली आहेस," म्हणाली. मी म्हटलं, मावशी, तुझ्याशी बोलेनच, पण आधी तिच्याशी बोलू दे. होडीत बसायचंय तिला.

तेव्हा आता जरा निवांत बस आणि ऐक.

एक गोष्ट आधीच बाजूला ठेवू. दहावीला खेळाडूंना वाढीव गुण मिळतात, पुढे प्रवेशाला खेळाडूंच्या जागा असतात, हे तुला कुणी ना कुणी सांगेलच. ते खरं आहे, पण त्यासाठी ज्या पायऱ्या चढाव्या लागतात त्या या खेळात वर्षानुवर्षं मागतात. गुणांवर डोळा ठेवून आलेली मुलं दुसऱ्या उन्हाळ्यात सहसा दिसत नाहीत. मी इतकी वर्षं मुलांना शिकवतेय, टिकून राहतात ती वेगळ्याच कारणानं. ते कारण म्हणजे, त्या होडीत तू एकटी असतेस.

तुझा दिवस डोळ्यांसमोर आण. सकाळी आई उठवते. खाली व्हॅनवाले काका हॉर्न वाजवतात. शाळेत घंटा होते तेव्हा वही उघडायची, दुसरी होते तेव्हा मिटायची. क्लासला कुठला धडा कधी ते सर ठरवतात. संध्याकाळी गृहपाठ झाला का ते बाबा विचारतात. सगळी तुझ्यावर माया करणारी माणसं आहेत, मी त्यांना नावं ठेवत नाहीये. पण सकाळपासून रात्रीपर्यंत तू स्वतः ठरवलंस आणि त्याचं जे व्हायचं ते तुझ्याच समोर झालं, असं काय असतं सांग बरं? तेराव्या-चौदाव्या वर्षी मन तर नेमकं तेच मागत असतं. ते घरात मिळालं नाही की मग दार आपटणं, मोबाईलवरून भांडणं सुरू होतं. मावशीनं तेही सांगितलंय मला.

तू ज्या होडीत बसशील तिला ऑप्टिमिस्ट म्हणतात. आमची पोरं नुसतं 'ऑप्टी' म्हणतात. १९४७ साली अमेरिकेत, फ्लॉरिडातल्या क्लिअरवॉटर गावी, क्लार्क मिल्स नावाच्या होड्या बांधणाऱ्या माणसानं ती खास मुलांसाठी काढली. प्लायवूडमधून स्वस्तात बांधता यावी म्हणून तिचं पुढचं तोंड टोकदार न करता चपटं ठेवलं. आज ती फायबरची असते, पण चेहरा तोच. लांबी जेमतेम २.३ मीटर, वजन ३५ किलोच्या आसपास. एक डोलकाठी, एक शीड. मागं सुकाणू, आणि ते फिरवायला हातात येणारा दांडा, त्याला टिलर म्हणायचं. शीड आवळायचा-सैल सोडायचा दोर, तो मेनशीट. आणि होडीच्या पोटातल्या खाचेतून पाण्यात खाली सरकवलेली फळी, डॅगरबोर्ड. बस्स, एवढंच सामान. एका हातात टिलर, दुसऱ्या हातात मेनशीट, आणि दुसरं माणूस बसवायला जागा नाही. पंधराव्या वर्षापर्यंतची मुलं जगभर याच होडीत शर्यती करतात, तेव्हा तुझ्या हाताशी थोडाच वेळ आहे हेही लक्षात घे. त्यानंतर इल्का ४ नावाची मोठी होडी असते, पण सुरुवात ऑप्टीत झालेली बरी.

पहिल्या सकाळी काय होतं सांगते. टिलर डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे वळते. हे फळ्यावर सगळ्यांना समजतं आणि पाण्यात सगळे उलटं करतात. होडी गर्रकन फिरते, वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते, शीड फडफडायला लागतं. कोणी ओरडत नाही. मी सेफ्टी बोटीत बसून नुसती बघत असते. तू टिलर इकडे करतेस, तिकडे करतेस, आणि एकदम शीड भरतं, होडी सरकायला लागते, तळाशी पाण्याचा आवाज बदलतो. काय केलं म्हणून ती चालली, हे तुला कुणी सांगितलेलं नसतं. चुकलं ते वाऱ्यानं दाखवलं, जमलं तेही वाऱ्यानंच. शाळेत उत्तर चुकलं तर त्यावर सरांचा चेहरा, आईचा चेहरा, शेजारच्या बाकावरचं हसू, असं किती काय चिकटून येतं. पाण्यात चुकीला नुसती चूक म्हणून पाहता येतं आणि पुढच्या मिनिटाला ती सुधारता येते. मला विचारशील तर शाळकरी मुलांसाठी या खेळात याहून मोठं काही नाही.

आता तुला ज्याची भीती वाटते ते. मावशी म्हणाली, "ती विचारत होती, उलटली तर?" बाळा, उलटणारच आहे. आम्ही ती स्वतः उलटवायला लावतो, सुरुवातीच्या दिवसांतच, धक्क्याजवळच्या शांत पाण्यात. ते झाल्याशिवाय पुढं सोडतच नाही.

कसं असतं ते नीट सांगते, म्हणजे रात्री अंथरुणात पडून नको ते चित्र रंगवत बसणार नाहीस. तू एका कडेला वजन टाकतेस, होडी कलंडते, शीड पाण्यावर आडवं पडतं. तू पाण्यात. अंगात लाइफ जॅकेट असतं, त्यामुळे डोकं वरच राहतं. नाकातोंडात खारं पाणी जातं, ते थुंकून टाक. होडीत हवेच्या पिशव्या बांधलेल्या असतात, ती बुडत नाही, आडवी तरंगत राहते. कधी शिडाखाली सापडलीस तर घाबरायचं नाही, हात वर करून कापड उचलायचं, डोक्याएवढी हवेची जागा होते, मग हात मारत बाहेर यायचं. आता होडीच्या तळाकडे पोहत जा. तिथं ती डॅगरबोर्डची फळी पाण्याच्या वर आडवी निघालेली दिसेल. ती दोन्ही हातांनी धरायची, पाय होडीच्या काठाला टेकवायचे आणि अंगाचा सगळा भार मागं टाकायचा. थोडा वेळ काहीच होत नाही. शिडावर पाणी असतं, ते जड असतं. मग डोलकाठी इंचाइंचानं वर येते, शिडावरून पाणी ओघळतं, आणि एका क्षणी होडी धाडकन सरळ होते. आता तू आत चढायचं. होडी काठोकाठ पाण्यानं भरलेली. तिच्यात दोरीनं बांधलेला बेलर असतो, बहुतेक वेळा तेलाचा नाहीतर फिनेलचा कॅन तिरका कापून केलेला. त्यानं पाणी उपसायचं. हात भरून येतात, पाणी संपत नाही असं वाटतं, पण संपतं.

माझ्याकडे सातवीतली एक मुलगी होती, घरात भांडं पडलं तरी दचकणारी. ती उलटली, तिनं होडी सरळ केली, कितीतरी वेळ उपसत बसली आणि धक्क्याला आली. मला वाटलं आता रडेल. ती म्हणाली, "ताई, या बेलरची दोरी आखूड आहे. कोपऱ्यातलं पाणी निघत नाही." मी दोरी बदलून दिली. त्या पोरीच्या डोक्यात भीतीला जागाच उरली नव्हती, तिथं काम येऊन बसलं होतं.

आणि एक नियम आत्ताच पाठ कर. काहीही झालं तरी होडी सोडायची नाही. किनारा कितीही जवळ दिसला तरी पोहत निघायचं नाही. लाटांमध्ये माणसाचं डोकं सेफ्टी बोटीतून दिसत नाही, होडी दिसते.

आता मावशीचा मुद्दा, अभ्यासाचा. शिडाची होडी चालवली म्हणून गणितात पाच मार्क वाढतील, असं मी म्हणणार नाही, आणि म्हणणाऱ्यावर तू विश्वास ठेवू नकोस. पण पुस्तकातल्या काही ओळी तिथं अंगाला लागतात. खारे वारे आणि मतलई वारे तू भूगोलात पाठ केलेस ना? दिवसा समुद्राकडून, रात्री जमिनीकडून, कारण जमीन लवकर तापते, लवकर निवते. थंडीच्या दिवसांत मुंबईच्या बंदरात सकाळी ये. जमिनीकडून मंद वारा असतो. ऊन चढतं तसा तो पडतो, पाणी तेलासारखं होतं, पोरं कंटाळून होडीत आडवी होतात. मग दुपारी वायव्येकडून, समुद्रावरून, वारा उठतो. तो यायच्या आधी दिसतो. गुळगुळीत पाण्यावर काळसर सुरकुत्यांचा पट्टा सरकत येतो, आणि तो तुझ्यापर्यंत पोचायच्या आत तुला शीड सैल करून काठावर बसायचं असतं. एकदा हे पाहिलंस की परीक्षेत त्या प्रश्नाला घोकंपट्टी लागत नाही.

भरती-ओहोटीचं तर आजीलाच विचार. तिच्याकडे भिंतीवर कालनिर्णय आहे. त्यात आजची तिथी बघ, तिची पाऊणपट कर, साधारण तेवढ्या वाजता आपल्या किनाऱ्यावर पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर तीनच्या सुमारास, अष्टमी असेल तर सहाच्या. सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी, मग पुन्हा भरती. कोकणातली माणसं हा हिशोब पिढ्यानपिढ्या तोंडी करत आली. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या मागेपुढे भांग, तेव्हा चढउतार कमी. हे नुसतं ज्ञान म्हणून नाही सांगत. उधाणाच्या ओहोटीला बंदरातलं पाणी खुल्या समुद्राकडे जोरात धावतं. त्या वेळी वारा पडला तर ऑप्टीतलं पोर मागं मागं जातं, हे धक्क्यावरच कळायला हवं. आम्ही मुलांना सकाळी आधी तिथी विचारतो. तेव्हा आजीचा तुझ्यासाठी उपयोग होणार आहे, आणि आजीला ते फार आवडेल.

सगळ्यात गंमत कुठं आहे सांगू? होडी वाऱ्याच्या दिशेनं जाते हे कुणालाही पटतं. पण वारा जिकडून येतोय तिकडेच जायचं असेल तर? सरळ जाता येत नाही. वाऱ्याशी साधारण पंचेचाळीस अंशांचा कोन ठेवून तिरकं जाता येतं. शीड तेव्हा विमानाच्या पंखासारखं काम करतं, होडीला बाजूला आणि पुढं ओढतं. ते बाजूचं सरकणं डॅगरबोर्ड अडवतो आणि पुढचं तेवढं उरतं. मग थोडं डावीकडून तिरकं, वळून थोडं उजवीकडून तिरकं, असं नागमोडी वर चढायचं. त्या वळण्याला टॅक म्हणतात. आता शर्यतीत वीस-पंचवीस होड्या आहेत आणि वर, वाऱ्याच्या बाजूला, वळसा घालायचा केशरी फुगा तरंगतोय. डावीकडून गेलं तर वारा जास्त दिसतोय, पण प्रवाह उलटा आहे. उजवीकडे बाकी सगळे चाललेत. तू कुठं जाशील? कोचला विचारता येत नाही, शर्यत चालू असताना बाहेरून सल्ला घ्यायला नियमानंच बंदी आहे. तू ठरवतेस. दहा मिनिटांनी फुग्यापाशी कळतं बरोबर होतं की नाही. आणि लगेच पुढचं ठरवायचं असतं, त्यामुळे झाल्या गोष्टीवर झुरत बसायला वेळ नसतो.

कधीकधी होडी विनाकारण मंद होते. बाकीचे पुढं जातात, तू शीड आवळतेस, सोडतेस, काही फरक नाही. तेव्हा डॅगरबोर्ड उचलून बघायचा. बहुतेक वेळा प्लास्टिकची पिशवी गुंडाळलेली असते. कुणी मागून पदर धरून ठेवल्यासारखी ती होडीला ओढत असते. ती काढून होडीतच ठेवायची, पुन्हा पाण्यात टाकायची नाही. आमची पोरं किनाऱ्यावर येतात तेव्हा होडीच्या कोपऱ्यात वेफर्सची पाकिटं, दुधाच्या पिशव्या, निर्माल्याचे गोळे साठलेले असतात. पर्यावरणाच्या तासाला जे पोस्टर काढतात ना, त्यापेक्षा हा कचरा त्यांना जास्त बोलतो. घरी जाऊन आईबाबांना पुलावरून निर्माल्य टाकू न देणारी मुलं मी पाहिली आहेत.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. या खेळाच्या साध्या शर्यतीत पाण्यावर शिट्टी घेऊन फिरणारा पंच बहुधा नसतो. वळताना फुग्याला होडी लागली तर ते तुझं तुलाच माहीत असतं. तू बाजूला होऊन होडीचा एक पूर्ण वेढा घेतेस, हीच शिक्षा, आणि मग पुढं जातेस. दुसऱ्याच्या वाटेचा हक्क मोडलास तर दोन वेढे. कुणी पाहिलं नसलं तरी घ्यायचे. बारा वर्षांचं पोर पहिल्या पाचात असताना, मागं कुणी नाही हे बघूनसुद्धा, मुकाट्यानं वेढा घेतं, तेव्हा मला सेफ्टी बोटीत उभं राहून टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. आणि काही पोरं घेत नाहीत, तेही मी पाहते. त्यांच्याशी किनाऱ्यावर बोलावं लागतं, एकदा नाही, पुन्हा पुन्हा.

नियमपुस्तकातला पहिलाच नियम काय आहे माहितीय? संकटात सापडलेल्याला शक्य ती सगळी मदत करायची. जिंकणं नंतर. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये शिडाच्या शर्यती पुसान बंदरात होत्या. कॅनडाचा लॉरेन्स लेम्यू फिन वर्गाच्या शर्यतीत दुसऱ्या क्रमांकावर होता. वारा खवळला होता. त्याला दुसऱ्या शर्यतीतली सिंगापूरची होडी उलटलेली दिसली, दोन खलाशी पाण्यात. त्यानं आपली वाट सोडली, दोघांना वाचवलं, गस्ती बोट येईपर्यंत थांबला आणि मग शर्यत पुरी केली, पार मागं पडून. पंचांनी त्याला त्या शर्यतीत दुसरा क्रमांकच दिला, आणि ऑलिम्पिक समितीनं पिअर द कुबर्तिन पदक. ही गोष्ट मी प्रत्येक नव्या तुकडीला सांगते. तुलाही तिथं पुन्हा ऐकावी लागेल, कंटाळू नकोस.

मुलींना यात काय स्थान, असं तुझा दादा म्हणाला म्हणे. त्याला सांग, २०२३ मध्ये हांगचौच्या आशियाई खेळांत नेहा ठाकूरनं मुलींच्या इल्का ४ मध्ये रौप्यपदक आणलं, तेव्हा ती सतरा वर्षांची होती. मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातली पोर. तिथून समुद्र किती लांब आहे नकाशात बघायला लाव त्याला. ती शिकली भोपाळच्या तलावावर. चेन्नईची नेत्रा कुमानन शिडाच्या शर्यतींत ऑलिम्पिकला पात्र ठरलेली पहिली भारतीय महिला, टोकियोला गेली आणि पुन्हा पॅरिसलाही. २०१७ च्या सप्टेंबरात नौदलाच्या सहा महिला अधिकारी 'तारिणी' नावाची शिडाची होडी घेऊन गोव्यातून निघाल्या आणि पृथ्वीला वळसा घालून पुढच्या मे महिन्यात गोव्यातच परतल्या. त्याच 'तारिणी'तून २०२४-२५ मध्ये दिलना के. आणि रूपा ए. दोघीच जाऊन आल्या. ही होडी गोव्यातल्या दिवाडी बेटावर बांधलेली, तिच्या आधीची 'म्हादेई'सुद्धा तिथलीच. त्या 'म्हादेई'तून आपले दिलीप दोंदे २००९ च्या ऑगस्टमध्ये मुंबईहून एकटे निघाले आणि मे २०१० मध्ये जगप्रदक्षिणा पुरी करून आले, असं करणारे पहिले भारतीय. पण तू पदकांची नि प्रदक्षिणेची स्वप्नं आत्ताच बघू नकोस. आधी धक्का ते फुगा आणि फुगा ते धक्का जमू दे.

आता जरा जवळ ये, काही गोष्टी शिबिराच्या पत्रकात नसतात.

ऊन लागतं, काळवंडशील. लग्नाकार्यात कुणी काकू "अगंबाई, किती रापलीस" म्हणेलच. हसून सोडून दे. पण कातडी जपायची म्हणजे जपायची. पूर्ण बाह्यांचा घट्ट टीशर्ट, दोरी असलेली टोपी, सनस्क्रीन दर दोन तासांनी. पाणी भरपूर पी, बाटली होडीत बांधून ठेव. धक्क्याच्या उतारावर शेवाळ असतं आणि दगडांना कालवं चिकटलेली असतात, त्यांची धार पात्यासारखी कापते, म्हणून बूट घालूनच उतरायचं. चष्म्याला मागून दोरी. ओल्या कपड्यांत बसून राहू नकोस, बदलायचे कपडे आणि मोठा टॉवेल स्वतःच्या पिशवीत असू दे.

पाळीचं विचारायला तू लाजशील, म्हणून मीच सांगते. पॅड पाण्यात उपयोगाचं नाही. टॅम्पॉन, कप हे प्रकार असतात, पण ते वापरायचे की नाही हे तू आणि मावशी मिळून सावकाश ठरवा, घाई नको. तोपर्यंत ते दोन-तीन दिवस पाण्यात उतरली नाहीस तर काहीही बिघडत नाही. कोच ताई असेल तर सरळ सांग, सर असतील तर "आज मी किनाऱ्यावर काम करते" एवढं पुरे, समजूतदार माणूस पुढं विचारत नाही. त्या दिवशी गाठी शीक, घड्याळ धरून शर्यतीची सुरुवात कशी देतात ते बघ. किनाऱ्यावरून वारा जास्त नीट दिसतो.

भीती वाटली तर ती लपवू नकोस. "आज वारा मला जास्त आहे, मी नाही जात," हे वाक्य म्हणता येणं हाही शिक्षणाचाच भाग आहे. ढग गडगडायला लागले, वीज दिसली, की कुणाचीही परवानगी न विचारता किनाऱ्याकडे वळायचं. आणि जिथं पोहता येतं का हे विचारत नाहीत, जिथं लाइफ जॅकेट "आज गरम होतंय" म्हणून काढू देतात, जिथं मुलं पाण्यात आणि सेफ्टी बोट धक्क्याला बांधलेली असते, तिथून आपण सरळ घरी यायचं. मग फी बुडाली तरी चालेल. मावशीला मी हे आधीच बजावलंय.

पैशांचं म्हणशील तर क्लबातलं शिकणं स्वस्त नाही, खरंय. पण शाळेत एनसीसीचं नौदल पथक असेल तर तिथं फार थोड्या खर्चात शिडं हाताळायला मिळतात, व्हेलर नावाची लांब होडी असते, तिच्यात सगळ्यांनी मिळून वल्ही मारायची आणि शीडही लावायचं. मी तिथंच शिकले. मुंबईत सी कॅडेट कोअर आहे. गोव्यात करंजाळेला केंद्र सरकारची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. पुण्याकडच्या पोरांना खडकवासल्याच्या पाण्यावर एनडीएच्या कॅडेटांची शिडं दिसतात, तीच बघून कित्येकांना खूळ लागतं.

एक माझ्या मनातलं सांगते. आपल्या कोळीवाड्यांतल्या होड्यांना इंजिनं आली आणि शिडं गेली. ज्यांच्या आज्यापणज्यांना वाऱ्याचा वास यायचा, त्यांची मुलं आज धक्क्यावर उभी राहून आमच्या ऑप्ट्या बघतात. त्यांच्यातली एकदोन जेव्हा होडीत बसली तेव्हा पाण्याचा रंग बघून ती जे ओळखतात, ते शिकवायला मला इतर मुलांवर कितीतरी महिने घालवावे लागतात. हा खेळ लष्करातल्यांचा आणि बंगल्यातल्यांचा राहू नये, कोळ्यांच्या मुलींनी यात यावं, असं मला फार वाटतं. तू गेलीस तर तिथं भेटणाऱ्या अशा मुलीशी मैत्री कर. ती तुझ्यापेक्षा जास्त जाणत असेल, तिच्याकडून शीक.

मावशीला पहिल्या दिवशी धक्क्यावर यायचंय. येऊ दे, छत्री घेऊन सावलीत बसू दे. फक्त "अगं सांभाळ, इकडे वळ" अशा हाका मारायच्या नाहीत, हे मी तिच्याकडून कबूल करून घेतलंय. तिला जड जाईल. मी तिच्या शेजारी बसेन.

पण त्याआधी पोहण्याची चाचणी आहे. या शनिवारी सकाळी सातला तलावावर ये. येताना जुनी फुल पँट आणि शर्ट आण, कपड्यांसकट पोहायचंय.